अपिलाची वाट : ताईमहाराज प्रकरणाचा इतिहास व त्यातील बोध

न्यायालयाचा निकाल विरुद्ध गेला म्हणजे आपल्या घराघरांतून दोन प्रकारची माणसे दृष्टीस पडतात. काही जण कपाळास हात लावून बसतात, तर काही जण ‘आता वरच्या कोर्टात दाखवितो’ म्हणून चारचौघांत सांगत सुटतात. पहिल्यांची मुदत दुःखात सरते आणि दुसऱ्यांची बढाईत. आमच्या माहितीतील एका कुटुंबात वडिलोपार्जित घराच्या वाटणीचा दावा होता. निकाल विरुद्ध गेला, त्या सुमारास घरात मुलीचे लग्न निघाले होते. ‘लग्न उरकू द्या, मग पाहू’ असे ठरले, आणि निकालाची नक्कल मागण्याचा अर्ज चौथ्या महिन्यात पडला. पुढे अपील दाखल करताना पहिला प्रश्न घराचा निघालाच नाही. इतका उशीर का झाला, हाच प्रश्न निघाला व त्यावरच सारा खल झाला. लग्नाचे कारण न्यायालयास पुरेसे वाटले नाही. घराच्या हक्काविषयी एक शब्दही न उच्चारला जाता ते घर गेले. आपल्या ज्ञातीतील हे एकच उदाहरण असते तर आम्ही लेखणी उचलली नसती.

अपील म्हणजे काय, ते कोठवर जाते, कशाच्या बळावर जिंकले जाते आणि त्याची किंमत काय पडते, हे कायद्याच्या पुस्तकातून सांगू लागलो तर वाचक कंटाळतील. म्हणून आम्ही येथे महाराष्ट्रात घडलेल्या एका प्रसिद्ध खटल्याचा इतिहास सांगणार आहो. तो खटला म्हणजे लोकमान्य टिळकांच्या आयुष्याची ऐन उमेदीची वर्षे खाऊन टाकणारे ताईमहाराज प्रकरण होय. लोकमान्यांवरील राजद्रोहाचे खटले सर्वांस ठाऊक आहेत. परंतु एका मित्राच्या घराण्यातील दत्तकाच्या प्रश्नापायी त्यांना न्यायालयाच्या किती पायऱ्या चढाव्या व उतराव्या लागल्या, हे पुष्कळांस ठाऊक नसते.

प्रथम थोडे मागे पाहू. मराठेशाहीत वतनाचा वा वाटणीचा तंटा उपस्थित झाला म्हणजे तो गोतापुढे किंवा पंचांपुढे जाई. निकाल मान्य करू अशी कबुली उभय पक्षांकडून आधीच लिहून घेत. जिंकणाऱ्यास जयपत्र मिळे आणि हरणाऱ्याकडून हार कबूल केल्याचे यजितपत्र घेतले जाई. तरीही ज्याचे समाधान होत नसे त्याला वाट अगदीच बंद नव्हती. तो दुसरे थळ मागू शकत असे, म्हणजे आपला तंटा अन्य ठिकाणच्या निःपक्षपाती मंडळींकडे नेऊन द्यावा अशी विनंती करीत असे. किंवा थेट सरकारात, पुण्यास रामशास्त्री प्रभुणे यांच्यासारख्या न्यायाधीशांपुढे फिर्याद मांडीत असे. तात्पर्य, एकदा झालेला निवाडा पुन्हा तपासून पाहण्याची कल्पना आपल्याकडे इंग्रजांनी आणली असे नव्हे. मात्र कोणत्या निर्णयावर कोणाकडे व किती दिवसांत जावयाचे, याची पक्की शिडी त्या काळी नव्हती. ती इंग्रजी अमलात बांधली गेली. १८२७ च्या एल्फिन्स्टनच्या कायदेसंग्रहाने मुंबई इलाख्यातील न्यायालयांची उतरंड लावून दिली. १८६२ साली मुंबईचे उच्च न्यायालय स्थापन होऊन सदर अदालत त्यात विलीन झाली. आणि त्याहूनही वर, समुद्रापलीकडे लंडनमध्ये, प्रिव्ही कौन्सिलची न्यायसमिती बसत असे. ताईमहाराज प्रकरणाने ही शिडी शेवटच्या पायरीपर्यंत पाहिली.

कोल्हापूरच्या पंडित महाराजांच्या घराण्यातील श्रीबाबामहाराज हे पुण्यास राहत. दक्षिणेतील पहिल्या दर्जाच्या सरदारांत त्यांची गणना होती व टिळकांशी त्यांचा स्नेह होता. १८९७ च्या ऑगस्टमध्ये त्यांना पटकीची बाधा झाली. त्या वेळी टिळक स्वतः राजद्रोहाच्या आरोपातून जामिनावर नुकतेच सुटून आले होते. मरणापूर्वी बाबामहाराजांनी मृत्युपत्र केले आणि टिळक, अमरावतीचे दादासाहेब खापर्डे, कुंभोजकर, नागपूरकर आदी मंडळींवर इस्टेटीचा भार टाकून ७ ऑगस्ट १८९७ रोजी देह ठेवला. त्यांच्या तरुण पत्नी ताईमहाराज त्या वेळी गरोदर होत्या. पुढे त्यांना पुत्र झाला, परंतु तो थोड्याच दिवसांत वारला. आता मृत्युपत्राप्रमाणे विश्वस्तांच्या सल्ल्याने दत्तक घेणे प्राप्त झाले.

जून १९०१ मध्ये टिळक व खापर्डे हे ताईमहाराजांसह औरंगाबादेस (आजचे छत्रपती संभाजीनगर) गेले. घराण्याची एक शाखा त्या बाजूस होती. तेथील जगन्नाथ नावाच्या मुलाची निवड होऊन त्याचे दत्तविधान झाले. मंडळी पुण्यास परतली आणि वारे फिरले. ताईमहाराजांनी हे दत्तक अमान्य केले आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये कोल्हापूरच्या बाळामहाराजांस दत्तक घेतले. टिळकांस मिळालेले मृत्युपत्राचे प्रोबेट रद्द करावे असा अर्जही त्यांनी पुण्याच्या जिल्हा न्यायाधीशांकडे केला. कोवळ्या वयात वैधव्य आलेल्या त्या बाईंस आम्ही येथे दोष देऊ इच्छीत नाही. मोठ्या इस्टेटीभोवती सल्लागार किती जमतात व त्यांचे हेतू किती निरनिराळे असतात, हे आपल्यापैकी पुष्कळांनी लहान प्रमाणावर का होईना पाहिलेले आहे.

एप्रिल १९०२ मध्ये जिल्हा न्यायाधीश अ‍ॅस्टन यांनी निकाल दिला. त्यांनी प्रोबेट रद्द केले, औरंगाबादच्या दत्तविधानाची हकीकत खोटी ठरविली, आणि इतक्यावरच न थांबता टिळकांवर खोटी साक्ष वगैरे आरोपांखाली फौजदारी खटला भरण्याची आज्ञा केली. एका हुकुमातून दोन वाटा फुटल्या, एक दिवाणी व दुसरी फौजदारी. ह्या दोन वाटा वेगळ्या आहेत, हे प्रत्येक पक्षकाराने ध्यानात ठेवले पाहिजे. एकीवर मिळालेले यश दुसरीवर आपोआप लागू होत नाही. उच्च न्यायालयाने प्रोबेट रद्द करण्याचा हुकूम फिरविला, तरी फौजदारी खटला थांबला नाही.

तो खटला क्लेमेंट्स नावाच्या खास मॅजिस्ट्रेटपुढे चालला. २४ ऑगस्ट १९०३ रोजी टिळकांस अठरा महिन्यांची सक्तमजुरी व एक हजार रुपये दंड अशी शिक्षा झाली. त्यावर त्यांनी सेशन न्यायाधीश ल्यूकस यांच्याकडे अपील केले. जानेवारी १९०४ मध्ये शिक्षा सहा महिन्यांवर आली, परंतु दोष कायम राहिला व त्यांना तुरुंगात जावे लागले. पुष्कळांस येथे समाधान वाटले असते. अठराचे सहा झाले, तेवढे भोगून मोकळे व्हावे, असा सल्ला देणारेही भेटले असते. परंतु प्रश्न महिन्यांचा नव्हता. मित्राच्या विश्वासास जागून घेतलेल्या कामात हा मनुष्य शपथेवर खोटे बोलला, असा शिक्का कपाळी बसणार होता. म्हणून ते उच्च न्यायालयात गेले. फौजदारी कामात शिक्षा कायम झाल्यावर दुसरे अपील नसते. तेथे उच्च न्यायालयाच्या फेरतपासणीच्या अधिकाराचा आश्रय घ्यावा लागतो. सर न्यायाधीश लॉरेन्स जेन्किन्स व न्यायमूर्ती बॅटी यांनी ३ मार्च १९०४ रोजी शिक्षा रद्द करून टिळकांस निर्दोष ठरविले. दोन न्यायालयांनी ज्याला गुन्हेगार म्हटले त्याला तिसऱ्याने मुक्त केले, आणि तेही त्याच कागदांच्या वाचनावरून.

आता मूळ प्रश्न उरला: दत्तक कोणाचे खरे? त्यासाठी दिवाणी दावा पुण्याच्या पहिल्या वर्गाच्या दुय्यम न्यायाधीशांपुढे चालला. साक्षी झाल्या, उलटतपासण्या झाल्या, आणि जुलै १९०६ मध्ये जगन्नाथमहाराजांचे दत्तक खरे ठरले. प्रतिपक्ष उच्च न्यायालयात गेला. अपिलाचा हक्क आपल्याला असतो तसा तो प्रतिपक्षासही असतो, हे जिंकलेल्या मनुष्याने विसरू नये. १९१० साली न्यायमूर्ती चंदावरकर व हीटन यांनी खालचा निकाल फिरविला. टिळक, खापर्डे व अन्य साक्षीदार यांनी संगनमताने रचलेली हकीकत सांगितली, असा त्या निकालाचा आशय होता. त्या वेळी टिळक मंडालेच्या तुरुंगात होते. जुलै १९०८ मध्ये झालेली सहा वर्षांची शिक्षा ते भोगीत होते. बाहेर त्यांच्या नावावर खोटेपणाचा डाग पुन्हा लागला होता आणि त्यास उत्तर देण्यास ते न्यायालयात उभे राहू शकत नव्हते. तरी भाच्याला लिहिलेल्या पत्रांतून ते ह्या कामाच्या सूचना करीत राहिले.

लंडनला अपील नेणे म्हणजे खेळ नव्हता. दाव्याची किंमत निदान दहा हजार रुपये असावी लागे. उच्च न्यायालयाचा दाखला मिळवावा लागे. प्रतिपक्षाच्या खर्चाबद्दल जामीन व कागद छापण्याचा खर्च आधी भरावा लागे. मग साऱ्या साक्षी, दस्तऐवज व निकाल छापून त्यांचे बाड विलायतेस जाई. तेथे साक्षीदार जात नसत. जे काही बोलावयाचे ते त्या छापील कागदांनीच बोलावयाचे. पुण्याच्या न्यायालयात काही वर्षांपूर्वी कोणता प्रश्न विचारला गेला व कोणता विचारला गेला नाही, यावर लंडनमधील निर्णय अवलंबून होता.

आणि झालेही तसेच. २६ मार्च १९१५ रोजी प्रिव्ही कौन्सिलने उच्च न्यायालयाचा निकाल रद्द करून जगन्नाथमहाराजांचे दत्तक कायम केले. न्यायसमितीचे म्हणणे थोडक्यात असे की, साक्षीदारास खोटा ठरवावयाचे असेल तर ज्या गोष्टीवरून त्यास खोटा ठरवावयाचे ती त्याच्यापुढे ठेवून खुलासा करण्याची संधी दिली पाहिजे. प्रतिष्ठित माणसांवर कटाचा व खोट्या शपथेचा आरोप करावयाचा, पण ते पिंजऱ्यात असताना त्यांना तसे विचारावयाचे नाही, ही न्यायाची रीत नव्हे. हे तत्त्व टिळकांपुरते राहिले नाही. ‘बाळ गंगाधर टिळक विरुद्ध श्रीनिवास पंडित’ ह्या नावाने तो निकाल पुराव्याच्या कायद्यातील आधार बनला, आणि एक शतक उलटून गेल्यावरही भारतातील न्यायालयांतून त्याचा दाखला दिला जातो. आज एखाद्या खेड्यातील साध्या साक्षीदारास उलटतपासणीत त्याचा पूर्वीचा जबाब दाखवून ‘याबद्दल तुमचे काय म्हणणे आहे’ असे विचारले जाते, तेव्हा त्यामागे चौदा वर्षे चाललेल्या ह्या झगड्याचाही हात आहे.

मात्र यशाची ही कथा येथेच गोड शेवट करून थांबविणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. निकाल हाती आला म्हणजे इस्टेट हाती येतेच असे नाही. कोल्हापूरकडील मिळकतीचा ताबा मिळविण्यासाठी पुढेही झगडावे लागले. जुलै १९२० मध्ये लोकमान्य मुंबईस गेले, तेही याच प्रकरणाच्या कामासाठी. तेथेच ते आजारी पडले आणि १ ऑगस्ट १९२० रोजी त्यांचा अंत झाला. मित्राला मृत्युशय्येवर दिलेला शब्द त्यांनी अखेरपर्यंत पाळला असे म्हणावे, की एका खटल्याने एका मोठ्या माणसाचा किती काळ व किती शक्ती खाल्ली म्हणून हळहळावे? आम्हांस दोन्ही गोष्टी खऱ्या वाटतात. अपिलाचा विचार करणाऱ्याने दोन्ही डोळ्यांसमोर ठेवाव्या.

प्रिव्ही कौन्सिलचा अधिकार १९४९ साली संपला आणि २६ जानेवारी १९५० पासून आपले सर्वोच्च न्यायालय शिखरस्थानी आले. लंडनची पायरी गेली, परंतु शिडीची रचना बव्हंशी तीच आहे. तेव्हा ह्या इतिहासावरून आजच्या पक्षकाराने काय घ्यावे, ते सांगतो.

पहिली गोष्ट मुदतीची. १९६३ च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणे दिवाणी निकालावर जिल्हा न्यायालयात अपील करावयाचे तर तीस दिवस आणि उच्च न्यायालयात करावयाचे तर नव्वद दिवस मिळतात. फौजदारी शिक्षेवर सेशन न्यायालयात तीस व उच्च न्यायालयात साधारणतः साठ दिवस असतात. मात्र फाशीच्या शिक्षेवर उच्च न्यायालयातही तीसच दिवस मिळतात. निकालाची प्रमाणित नक्कल मिळण्यास जो अवश्य काळ लागतो तो यातून वजा होतो. परंतु आपण अर्ज करण्यात घालविलेला काळ वजा होत नाही. म्हणून निकाल ऐकला त्याच दिवशी, घरी परतण्यापूर्वी, नकलेचा अर्ज टाकावा व त्याची पोच जपून ठेवावी. उशीर झालाच तर तो माफ करण्याचा अधिकार न्यायालयास आहे, परंतु त्यासाठी पुरेसे कारण व त्याचा पुरावा लागतो.

दुसरी गोष्ट तहकुबीची. अपील दाखल झाले म्हणजे खालच्या निकालाची अंमलबजावणी आपोआप थांबते, हा मोठा गैरसमज आहे. ती थांबावी म्हणून वेगळा अर्ज करून तहकुबीचा हुकूम मिळवावा लागतो. अपील पडले म्हणून निश्चिंत झालेल्या माणसाच्या दारी बेलीफ उभा राहतो, तो याच कारणाने.

तिसरी गोष्ट कागदाची. पहिल्या अपिलात पुराव्याचा व कायद्याचा, दोहोंचा पुनर्विचार होतो. दुसरे अपील उच्च न्यायालयात होते, परंतु कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न उपस्थित होत असेल तरच. १९७६ च्या दुरुस्तीने ही अट कडक केली आहे. नवा पुरावा वर सहसा घेतला जात नाही. तेव्हा ‘ती पावती आता सापडली’ म्हणून वरच्या न्यायालयात जाऊन भागत नाही. अपील जिंकावयाचे असेल तर त्याची तयारी मूळ दाव्याच्या पहिल्या तारखेपासून करावी. टिळकांचा विजय लंडनमध्ये झाला, पण त्याचा पाया पुण्याच्या न्यायालयातील साक्षींत घातला गेला होता.

चौथी गोष्ट, कशावर अपील होते व कशावर होत नाही याची. तडजोडीने झालेल्या हुकूमनाम्यावर अपील नसते. म्हणून तडजोडीच्या कागदावर सही करताना चारदा वाचावे, वाचता येत नसेल तर विश्वासाच्या माणसाकडून वाचून घ्यावे. आपल्या गैरहजेरीत एकतर्फी हुकूमनामा झाला असेल तर अपील करता येते किंवा सबळ कारण दाखवून त्याच न्यायालयास तो रद्द करण्याची विनंतीही करता येते. तीही तीस दिवसांत. दाव्याच्या मध्यंतरी झालेल्या प्रत्येक हुकुमावर अपील होत नाही. मनाई हुकुमासारख्या काहींवर होते. कोणता हुकूम कोणत्या वर्गात पडतो, हे वकिलाकडून लगेच समजून घ्यावे.

पाचवी गोष्ट खर्चाची. पैसे नाहीत म्हणून घरी बसण्याचे आता कारण नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने स्त्रियांस, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींस तसेच ठरावीक उत्पन्नाखालील सर्वांस विनामूल्य वकील मिळतो. स्त्रियांस तर उत्पन्नाची अटही नाही. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच हे कार्यालय असते. अंतरही काही अंशी कमी झाले आहे. बाबामहाराजांचे घराणे ज्या कोल्हापूरचे, त्या कोल्हापुरात १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे फिरते खंडपीठ बसू लागले असून सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग येथील पक्षकारांचीही तेथे सोय झाली आहे.

शेवटी एक प्रश्न प्रत्येकाने अपिलाच्या कागदावर सही करण्यापूर्वी स्वतःस विचारावा, अशी आमची विनंती आहे. खालच्या न्यायालयाने नेमकी कोठे चूक केली, हे आपल्याला एका वाक्यात सांगता येते काय? तसे सांगता येत असेल, तर उशीर न करता जावे आणि धीर सोडू नये. परंतु ‘भावकीत मान खाली जाईल’ एवढेच उत्तर येत असेल, तर शेत विकून वर जाण्यापेक्षा ज्ञातीतील चार जाणत्या माणसांस मध्ये घालून तंटा मिटविणे बरे. लोकमान्य वर गेले ते मानासाठी नव्हे काय, असे कोणी विचारील. होय, मानासाठीच गेले. परंतु तो मान त्यांनी उच्चारलेल्या शब्दाच्या खरेपणाचा होता, आणि तो खरेपणा न्यायालयाच्या कागदांतून वाचून दाखविता येत होता. ज्याच्याजवळ तसा कागद आहे, त्या आपल्या प्रत्येक बंधूने व भगिनीने मुदतीच्या आत वरच्या न्यायालयाचे दार ठोठवावे.